तीन हलवायचे, सतरा राखायचे

रुबिक्स क्यूब सोडवणाऱ्या मुलाकडे घरातली मोठी माणसं आधी कौतुकाने बघतात. "अरे वा, दीड मिनिटात जमलं!" मग मूल प्रामाणिकपणे सांगून टाकतं की क्लासमध्ये सात-आठ फॉर्म्युले शिकवतात, ते पाठ झाले की क्यूब आपोआप सुटतो. इथे कौतुक ओसरतं. "म्हणजे पाठांतरच की! आम्हाला वाटलं, डोकं लावतोयस." असं म्हणणाऱ्यांनी आदल्याच संध्याकाळी त्या मुलाकडून एकोणतीसचा पाढा घोकून घेतलेला असतो, पण तो मुद्दा वेगळा.

हे पुस्तक त्या फॉर्म्युल्यांचं आहे. मोठ्यांची तक्रार मला निम्मी मान्य आहे. फॉर्म्युला म्हणजे अक्षरांची एक माळ, ती म्हणत बोटं चालवायची आणि शेवटी चमत्कार व्हायचा, एवढंच शिकवलं तर ते खरोखर पाठांतरच. पण त्या माळेत कुणीतरी केलेला विचार गोठवून ठेवलेला असतो, आणि तो उलगडता येतो. त्यासाठी कॉलेजातलं गणित लागत नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. फॉर्म्युला बघताना आपण साहजिकच त्याने काय बदललं ते शोधतो. त्याऐवजी त्याने काय जागच्या जागी ठेवलं ते बघायचं. चांगल्या फॉर्म्युल्याची किंमत तिथे ठरते. पुढची सगळी प्रकरणं मी याच एका नजरेने लिहिली आहेत, म्हणून प्रस्तावनेतही तिच्यावर जरा रेंगाळणार आहे.

आधी वस्तू नीट बघू. बाहेरून क्यूबमध्ये सव्वीस ठोकळे दिसतात. त्यातले सहा मधले. ते आपल्या जागी गरगर फिरतात, पण एकमेकांच्या संदर्भात कधीच सरकत नाहीत. नेहमीच्या रंगसंगतीत पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा आणि लालसमोर नारिंगी, हे कायमचं. म्हणजे मधला ठोकळा पिवळा असेल तर ती बाजू पिवळीच व्हायची, बाकी कितीही गोंधळ असो. उरले वीस: आठ कोपरे, प्रत्येकी तीन रंगांचे, आणि बारा कडा, प्रत्येकी दोन रंगांच्या. कोपरा कडेच्या जागी कधी जात नाही आणि कड कोपऱ्याच्या जागी येत नाही. सगळा खेळ या विसांचा.

या विसांच्या मांडण्या किती होतात? ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. सेकंदाला एक या वेगाने बघत बसलं तर सव्वा लाख कोटी वर्षांहून जास्त लागतील. क्यूबवरच्या प्रत्येक लेखात हा आकडा वाचकाला दिपवायला येतो, आणि मला तो कंटाळवाणा वाटतो. आकडा मोठा आहे म्हणून क्यूब अवघड आहे, असं नाही. पत्त्यांच्या जोडातल्या बावन्न पानांच्या मांडण्या याहून कितीतरी पटींनी जास्त होतात, पण पिसलेला जोड कुणीही पाचेक मिनिटांत लावून दाखवेल. कारण पत्ता उचलून हव्या त्या जागी ठेवता येतो, शेजारच्या पत्त्याला धक्का लागत नाही. क्यूबमध्ये एक ठोकळा हलवायचा तर त्याच्याबरोबर सात ठोकळे हललेच पाहिजेत. एका थरात चार कोपरे आणि चार कडा, आठही एकदम फिरतात. क्यूबची खरी अडचण ही आहे: एकट्याला हात लावता येत नाही.

ही अडचण सगळ्यात आधी ज्याच्या वाट्याला आली तो क्यूबचा कर्ताच होता. एर्नो रुबिक बुडापेस्टच्या उपयोजित कला अकादमीत शिकवत. १९७४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना एक रचनेचा प्रश्न पडला होता: लहान ठोकळ्यांचा एक घन असा बांधता येईल का, की त्याचे भाग कोणत्याही दिशेने फिरतील पण सुटून पडणार नाहीत? आधी लाकडी ठोकळे आणि रबर यांवर प्रयोग झाले. रबर तुटले. मग ठोकळ्यांनीच एकमेकांना धरून ठेवावं अशी आतली रचना सुचली. बाजूंना रंग दिले ते भाग कसे सरकतात ते दिसावं म्हणून. चार-सहा वेळा फिरवल्यावर रंग मिसळले, आणि मग लक्षात आलं की परतीचा रस्ता माहीत नाही. पुन्हा जुळवायला त्यांना महिन्याहून जास्त काळ लागला. त्यांनी आधी आठ कोपरे लावले, आणि मग इतरांना न बिघडवता थोडेच तुकडे सरकवणारे चालींचे क्रम एकेक करून शोधून काढले. म्हणजे जगातल्या पहिल्या क्यूबचा पहिला उलगडासुद्धा फॉर्म्युल्यांनीच झाला. फरक एवढाच की ते आधी शोधावे लागले.

हंगेरीत या खेळण्याचं नाव होतं 'ब्यूव्होश कोत्स्का', म्हणजे जादूचा घन. १९७७ मध्ये तो बुडापेस्टच्या खेळण्यांच्या दुकानांत आला, १९८० मध्ये अमेरिकेच्या आयडियल कंपनीने तो रुबिक्स क्यूब म्हणून जगभर विकायला काढला, आणि पुढची दोन-तीन वर्षं जग वेडं झालं होतं. तो इतिहास सगळीकडे सापडतो, मी तो इथेच सोडतो.

चाली लिहिण्याची रीत मात्र सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुस्तक वाचता येणार नाही. प्रत्येक बाजूला एक अक्षर: उजवी बाजू आर, डावी एल, वरची यू, खालची डी, समोरची एफ, मागची बी. नुसतं अक्षर म्हणजे त्या बाजूला तोंड करून बघितलं असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वळसा. अक्षरापुढे वर टिंबासारखी रेघ असेल तर उलटा पाव वळसा. तिला 'प्राइम' म्हणतात. दोनचा आकडा असेल तर अर्धा वळसा. लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवणारे डेव्हिड सिंगमास्टर यांनी ही रीत रूढ केली. १९७८ मध्ये हेलसिंकीला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली होती, तिथे त्यांनी क्यूब बघितला, आणि पुढच्या वर्षी त्यावर छोटी टिपणवही काढली. जगातल्या सगळ्या क्यूबवाल्यांची लिपी त्या वहीतून आली. या इंग्रजी अक्षरांच्या जागी उ, डा, व, खा अशी मराठी अक्षरं वापरावीत असं मला सुचवण्यात आलं होतं. पण पुण्या-मुंबईच्या स्पर्धांत आपली मुलं 'आर यू आर-प्राइम यू-प्राइम' हे एका श्वासात, जवळजवळ गाण्यासारखं म्हणतात. त्यांना नवी बाराखडी शिकवण्यात काही अर्थ नव्हता.

हाच चार चालींचा तुकडा हातात घेऊ: आर, यू, आर', यू'. जुळलेला क्यूब घ्या. फक्त आर आणि यू एवढंच केलं तर विसापैकी तेरा तुकडे बिघडतात. उजव्या थराचे आठ, वरच्या थराचे आठ, आणि दोन्हींत सामाईक असलेले तीन एकदाच मोजले की तेरा. आता पुढच्या दोन चाली करा, आर' आणि यू'. चाली दुप्पट झाल्या, तर गोंधळ वाढायला हवा. तो कमी होतो. बिघडलेले तुकडे आता सातच उरतात, चार कोपरे आणि तीन कडा. तेरा तुकडे जसेच्या तसे आहेत.

असं का होतं? आर' ने आरची केलेली करणी पुसायची होती, आणि ती बरीचशी पुसलीही गेली. पण मध्ये यू होऊन गेल्यामुळे काही तुकडे उजव्या थरातून निघून गेले होते, काही नवे आत आले होते. त्यामुळे पुसणं पूर्ण झालं नाही. यू' चंही तसंच. दोन थरांची जिथे गाठ पडते, त्या गाठीभोवतीचाच गोंधळ मागे राहिला. गणितात या रचनेला कम्युटेटर म्हणतात: एक काम, दुसरं काम, पहिलं उलटं, दुसरं उलटं. दोन कामांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल तर शेवटी काहीच उरत नाही. आर, एल, आर', एल' करून बघा, क्यूब होता तसा. आणि संबंध जितका कमी, तितका उरलेला बदल लहान.

मग संबंध एकाच तुकड्यापुरता ठेवता आला तर?

क्लासमध्ये वरच्या थराचे कोपरे आपापल्या जागी नेण्यासाठी एक फॉर्म्युला शिकवतात: यू, आर, यू', एल', यू, आर', यू', एल. बहुतेक मुलांना तो सगळ्यात निरर्थक वाटतो, कारण उजवा-डावा-वरचा असं काहीही चाललेलं असतं. त्यातला पहिला यू उचलून शेवटी ठेवा, म्हणजे सांगाडा दिसेल: आर, मग (यू', एल', यू), मग आर', मग (यू', एल, यू). पहिलं काम आहे आर. दुसरं काम कंसातल्या तीन चालींचं. पुढे पहिलं उलटं, दुसरं उलटं. वर सांगितलेला कम्युटेटरच, फक्त दुसऱ्या कामाची जागा तीन चालींनी घेतली आहे.

त्या तीन चालीही बघण्यासारख्या आहेत. घरात फडताळाच्या मागच्या रांगेतली लोणच्याची बरणी काढायची असते तेव्हा आपण पुढचे डबे बाजूला करतो, बरणीचं काम उरकतो आणि डबे होते तसे लावतो. यू' ने वरचा थर बाजूला केला, एल' ने डावीकडचं काम केलं, यू ने थर परत लावला. याने डाव्या थराचं काम वरच्या बाजूला मागच्या रांगेत जाऊन घडतं, आणि उजव्या थराशी त्याची गाठ एकाच तुकड्यापाशी पडते: वरच्या थरातला मागचा उजवा कोपरा. बाकी कुठेही नाही. म्हणून आठ चालींनंतर वरच्या थरातले फक्त तीन कोपरे एकमेकांच्या जागी जातात. तीन हलले, सतरा राहिले. सगळ्या बारा कडा आणि खालचे दोन्ही थर जिथल्या तिथे. हाच क्रम लागोपाठ तीनदा केला की ते तीन कोपरेही घरी परततात.

एकदा हे दिसलं की त्या आठ अक्षरांचं पाठांतर करावं लागत नाही. विसरला तरी पुन्हा बांधता येतो. आणि तोच सांगाडा वापरून दुसऱ्या तीन कोपऱ्यांसाठी, किंवा तीन कडांसाठी, आपला आपण फॉर्म्युला तयार करता येतो. डोळ्यांवर पट्टी बांधून क्यूब सोडवणारे तरबेज खेळाडू हेच करतात. एका वेळी तीन तुकडे, बाकीच्यांना धक्का नाही. धक्का लागून चालणारच नसतं, कारण बाकीच्यांची मांडणी त्यांनी आधीच मनात साठवलेली असते.

पण एक फॉर्म्युला असा आहे, की तो या सगळ्या नियमाला हरताळ फासतो असं वाटतं, आणि नवशिक्यांचा धीर हमखास तिथे सुटतो. सगळ्यात शेवटची पायरी. वरच्या, म्हणजे पिवळ्या बाजूचे कोपरे आपल्या जागी आलेले आहेत, पण काही उलटेसुलटे बसलेत. शिकवणारा सांगतो: आर', डी', आर, डी हे समोरच्या उजव्या कोपऱ्याचा पिवळा रंग वर येईपर्यंत करत राहा. दोनदा किंवा चारदा करावं लागेल. मग फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच जागी आणा आणि पुन्हा तेच. मूल पहिला कोपरा सरळ करतं, आणि खाली बघतं तर लावलेले दोन्ही थर उद्ध्वस्त. इतक्या मेहनतीने केलेलं सगळं गेलं! बहुतेक जण इथे घाबरून हात आवरतात, किंवा पूर्ण क्यूब फिरवून बसतात, आणि मग तो खरंच बिघडतो. न घाबरता पुढे जात राहिलं तर शेवटचा कोपरा सरळ होताच खालचे थरही आपोआप जुळून येतात. मुलं याला जादू म्हणतात. शिकवणारेही बऱ्याचदा "विश्वास ठेव" एवढंच सांगून मोकळे होतात. हे मला पटत नाही, कारण इथेच क्यूबचं सगळ्यात सुंदर गणित दडलेलं आहे आणि ते पाचवीतल्या मुलालाही समजतं.

आर', डी', आर, डी हा क्रम सलग सहा वेळा केला की क्यूब मूळ स्थितीत येतो. जुळलेल्या क्यूबवर मोजून पाहता येईल. दोनदा केला की वरचा कोपरा एक-तृतीयांश वळतो, चारदा केला की दोन-तृतीयांश. वरच्या थरातल्या दुसऱ्या कशालाही तो हात लावत नाही. उरलेला सगळा गोंधळ खाली होतो. आता क्यूबचा एक अटळ कायदा आहे: फिरवून फिरवून कोपरे कसेही वाकडे होवोत, सगळ्या कोपऱ्यांच्या वाकडेपणाची बेरीज नेहमी पूर्ण वळशांतच येते. एकटा कोपरा एक-तृतीयांश वाकडा राहिलाय आणि बाकी सगळं सरळ, असं होऊच शकत नाही. म्हणजे सगळे कोपरे सरळ करायला लागणारे तृतीयांश तीनच्या पटीत असणार. प्रत्येक तृतीयांशाला दोन आवर्तनं. म्हणून एकूण आवर्तनं सहाच्या पटीत. आणि सहाच्या पटीत झाली की खालचा गोंधळ मिटलेलाच असतो. मध्ये वरचा थर फिरवला तरी खालच्याला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने सहा आवर्तनं सलगच झाली. जे उद्ध्वस्त झालंसं वाटलं ते सगळा वेळ घराच्या वाटेवर होतं.

याच कायद्यामुळे घरोघरचं एक कोडंही सुटतं. क्यूब खाली पडून फुटतो, किंवा कुणी वैतागून तो पेचकसाने उघडतं, आणि तुकडे जमेल तसे परत बसवतं. मग कुणाकडूनही तो सुटत नाही. सहज हाताला येतील तसे तुकडे बसवले तर तो सुटण्यासारखा असण्याची शक्यता बारात एक. कोपऱ्यांच्या वाकडेपणाचा कायदा तीनातल्या दोन मांडण्या बाद करतो, कडांच्या उलटण्याचा दुसरा कायदा उरलेल्यांतल्या निम्म्या, आणि फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल कधीच होत नाही हा तिसरा कायदा पुन्हा निम्म्या. तेव्हा वर्षानुवर्षं शोकेसमध्ये पडलेला क्यूब 'सुटतच नाही' अशी कुणाची तक्रार असेल, तर आधी तो कधी उघडला होता का ते विचारावं.

आता फॉर्म्युल्यांच्या बाजाराकडे वळू. १९८१ च्या सुमाराला इंग्रजीत क्यूब सोडवण्याच्या पुस्तिकांचा पूर आला होता. जेम्स नर्स या रसायनशास्त्रज्ञाची छोटी पुस्तिका अमेरिकेत तुफान खपली, आणि इंग्लंडमध्ये पॅट्रिक बॉसर्ट नावाच्या शाळकरी मुलाचं पुस्तक हातोहात गेलं. ५ जून १९८२ ला बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती अमेरिकेच्या मिन थाय याने २२.९५ सेकंदांत जिंकली. त्या स्पर्धेत जेसिका फ्रिडरिच ही झेक मुलगीही होती. पुढे ती अमेरिकेत प्राध्यापक झाली. एखादा फोटो नेमका कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे सेन्सरच्या खुणांवरून ओळखण्याचं तिचं काम न्यायवैद्यक क्षेत्रात मोलाचं मानलं जातं. पण क्यूबवाल्यांना ती माहीत आहे १९९७ मध्ये तिने इंटरनेटवर सविस्तर मांडलेल्या पद्धतीमुळे. आज वेगाने खेळणारे बहुतेक जण तीच पद्धत वापरतात: आधी तळाला अधिक-चिन्ह, मग कोपरा आणि कड यांच्या जोड्या घालत दोन थर, मग वरची बाजू एका रंगाची करणं, मग वरचे तुकडे आपापल्या जागी नेणं. शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी अनुक्रमे ५७ आणि २१ फॉर्म्युले. जोड्यांच्या ४१ परिस्थिती वेगळ्या. सात-आठ फॉर्म्युल्यांवरून हे शंभराच्या पुढे जातं.

इथे पाठांतर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाठांतर कुठे राहतं ते बघण्यासारखं आहे. तरबेज मुलाला एखादा फॉर्म्युला कागदावर लिहून दे म्हटलं तर तो अडतो. क्यूब हातात घेऊन, बोटं चालवून, त्यांच्याकडे बघत लिहितो. फॉर्म्युला बोटांत गेलेला असतो. डोळे मोकळे होतात आणि ते पुढची जोडी शोधत असतात. २०२३ च्या जूनमध्ये मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणाने ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला, आणि तोही विक्रम पुढे मोडला गेला. हे अंक केवळ चपळ बोटांचे नाहीत. स्पर्धेत सोडवण्याआधी क्यूब निरखायला पंधरा सेकंद मिळतात, आणि कमावलेला खेळाडू त्या पंधरा सेकंदांत सुरुवातीच्या बऱ्याच चाली मनात ठरवून ठेवतो. वेग वाढवायच्या मागे लागलेल्या पालकांना एक सांगावंसं वाटतं: महागडा चुंबकवाला क्यूब घेण्याआधी मुलाला हळू, न थांबता सोडवायला सांगा. थांबणं गेलं की अर्धा वेळ जातो.

या सगळ्यात एक प्रश्न राहतो, आणि त्याच्या उत्तराने मला तरी माणसाच्या फॉर्म्युल्यांकडे बघायची नवी दृष्टी दिली. कितीही बिघडलेला क्यूब कमीत कमी किती चालींत सुटेल? १९८१ मध्ये मॉर्विन थिसलथ्वेट यांनी दाखवलं की ५२ पुरतात. मग हा आकडा तीन दशकं हळूहळू उतरत राहिला. दुसऱ्या बाजूने, १९९५ मध्ये मायकेल रीड यांनी सिद्ध केलं की एका मांडणीला २० लागतातच. त्या मांडणीत प्रत्येक तुकडा आपल्या जागी आहे, फक्त बाराही कडा उलट्या बसल्यात. २०१० च्या जुलैमध्ये टॉमस रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज यांनी प्रश्न मिटवला. पाव किंवा अर्धा वळसा एक चाल धरली, तर कुठलाही क्यूब २० चालींत सुटतो. त्यांनी मांडण्यांचे दोन अब्जांहून जास्त गट पाडले, सारखेपणाच्या आधाराने ते साडेपाच कोटींच्या आसपास आणले, आणि गूगलने दिलेल्या संगणकांवर एकट्या संगणकाला पस्तीस वर्षं पुरेल एवढं काम करून घेतलं.

वीस! आणि वर सांगितलेल्या पद्धतीने खेळणारा पट्टीचा खेळाडू साधारण पंचावन्न-साठ चाली करतो, नवशिक्याच्या तर शंभराच्या वर जातात. मग उरलेल्या चाळीस चाली वाया गेल्या का? वीस चालींचं यांत्रिक उत्तर एकदा हाताने करून बघा. पंधराव्या चालीपर्यंत क्यूब जवळपास सुरुवातीइतकाच विस्कटलेला दिसतो. काही जुळत नाही, काही ओळखीचं होत नाही, कुठे पोचलो ते कळत नाही. शेवटच्या पाच-सहा चालींत सगळं अचानक घडतं. यंत्राला हे चालतं, कारण वाटेत काही राखून ठेवण्याची त्याला गरज नाही. त्याला सगळी मांडणी एकदम 'दिसते'. आपल्याला दिसत नाही. म्हणून आपण तळ लावतो आणि तो सांभाळतो, मग मधला थर, मग तोही सांभाळतो, आणि जसजसं सांभाळायचं वाढत जातं तसतसे फॉर्म्युले लांबत जातात. सुरुवातीला चार चालींत काम भागतं, शेवटच्या थराला चौदा-चौदा चालींचे क्रम लागतात, कारण तेव्हा जवळजवळ सगळंच राखायचं असतं. यंत्राच्या वीस आणि माणसाच्या साठ यांतला फरक हा केलेलं काम जपण्याचा खर्च आहे. मला तो खर्च वाजवी वाटतो. तरीही माणूस त्यात किती काटकसर करू शकतो याला सीमा नाही. कमीत कमी चालींच्या स्पर्धेत कागद, पेन आणि एक तास मिळतो, आणि २०१९ मध्ये इटलीच्या सेबास्तियानो त्रोंतो यांनी तिथे १६ चालींचं उत्तर लिहून दिलं. त्यात घोकलेले फॉर्म्युले फारसे नसतात. अनेकदा कम्युटेटर असतात, योग्य जागी नेमके घुसवलेले.

आता पुस्तकाविषयी. पहिली चार प्रकरणं एक-एक फॉर्म्युला घेऊन तो सुटा करून दाखवतात. पाचव्यात नवशिक्यांची संपूर्ण पद्धत आहे; ज्यांना शनिवार-रविवारात क्यूब सोडवून मोकळं व्हायचंय त्यांनी थेट तिथे जावं, मला राग नाही. सहाव्यात आपला फॉर्म्युला आपण कसा बांधायचा ते आहे, आणि पुस्तक लिहिण्याचं खरं कारण ते प्रकरण आहे. मोठ्या पद्धतींचे शंभर-सव्वाशे फॉर्म्युले मी मुद्दाम छापलेले नाहीत. ते कुठेही मिळतात, आणि कागदावरून शिकण्यापेक्षा कुणाची बोटं बघून लवकर येतात. चार बाय चारच्या क्यूबवर वरचा 'फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल होत नाही' हा कायदा मोडल्यासारखा वाटतो. तो का, हे शेवटच्या प्रकरणात थोडक्यात आलं आहे.

वाचताना क्यूब हातात हवा. साधा चालेल, फक्त थर अडकत नाहीत ना ते बघून घ्या. पहिल्या चार प्रकरणांना तो पूर्ण जुळलेला लागतो, कारण फॉर्म्युल्याने काय राखलं ते विस्कटलेल्या क्यूबवर दिसत नाही. तुमचा विस्कटलेला असेल आणि स्वतःला सोडवता येत नसेल, तर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाकडून जुळवून घ्या.